नवीन पनवेलमधली विलायत

दीनानाथ कर्णिकांनी आयुष्यात एकही विधान छातीठोकपणे केलं नव्हतं. जेवण झालं का, असं कुणी विचारलं तरी ते आधी बायकोकडे बघत. एका मालवाहतूक कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली आणि तिथं त्यांच्या स्वभावाला साजेसंच काम वाट्याला आलं. हरवलेल्या, भिजलेल्या आणि उशिरा पोचलेल्या मालाबद्दल इंग्रजीत पत्रं लिहायची. माल धक्क्यावरच पडून राहिला असावा. पेट्या आधी हलवायला हव्या होत्या. चूक चढवताना झाली असू शकेल. मस्ट हॅव बीन, शुड हॅव बीन, माइट हॅव बीन. या वाक्यांची मौज अशी की कुणीतरी काहीतरी नक्की केलेलं असतं, पण कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही.

ही रचना त्यांना इतकी आवडली की निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये त्यांनी व्याकरणाची पुस्तकं रांगेनं मांडली आणि लोक पोथी वाचतात तसे ते दुपारभर ती वाचू लागले. उरलेल्या वेळात जुन्या इंग्रजी कादंबऱ्या. इंग्रजी बोलण्याचा प्रसंग मात्र त्यांनी कटाक्षानं टाळला होता. लिहिलेलं खोडता येतं. बोललेलं कसं खोडणार?

त्यांच्याकडे मासळी घेऊन येणारी भामा जवळच्या गव्हाण गावची. तिची मुलगी रोशनी पनवेलच्या एका इस्पितळात नर्स होती आणि तिला इंग्लंडला जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं जमत होतं, बोलण्यात गाडी अडत होती. क्लासमध्ये तिला सांगितलं होतं की नुसतं झालं-गेलं सांगून भागत नाही. काय झालं असेल, काय व्हायला हवं होतं, तू तिथं असतीस तर या वेळी काय करत असतीस, हेही बोलता आलं पाहिजे. भामानं ही तक्रार सुरमईचे तुकडे करता करता आशालताबाईंच्या कानावर घातली.

"आमच्याकडे एक जण दिवसभर तेच करत बसलेले असतात," आशालताबाई म्हणाल्या आणि नवऱ्याला न विचारताच शिकवणी ठरवून मोकळ्या झाल्या.

रोशनी चुणचुणीत होती. भराभरा बोलायची, भराभरा चुकायची आणि चुकलेलं तिच्या गावीही नसायचं. कर्णिकांना ते बघवेना. ते तिला अहो-जाहो करत आणि ती चुकली की बोट वर करून म्हणत, "थांबा." मग क्रम समजावून देत. आधी शुड, मग हॅव, मग बीन, शेवटी आयएनजी. रोशनीचा भाऊ मिथुन न्हावा शेवाला ट्रेलर चालवायचा. ती म्हणाली, "म्हणजे दादाच्या गाडीसारखं, सर. पुढं इंजिनाचा घोडा, मागं ट्रेलर, वर कंटेनर." कर्णिकांना ही उपमा आपल्याला कशी सुचली नाही याचं दोन दिवस वाईट वाटलं. सुचायला हवी होती.

क्रमाबरोबर त्यांनी तिला स्वतःचा जन्मभराचा नियमही देऊन टाकला. चुकीचं बोलण्यापेक्षा थांबलेलं बरं.

परीक्षा झाली. निकाल यायचा होता. आणि गव्हाणच्या फाट्यावर बॅनर लागला.

आपल्याकडे बॅनरला कारण लागतं असं नाही, जागा लागते. फाट्यावरची लोखंडी चौकट बारा महिने कुणा ना कुणाच्या वाढदिवसानं भरलेली असे. त्या एकाच आठवड्यात ती रिकामी होती. पुढच्या आठवड्यापासून एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि तो उतरवण्याची कुणाची छाती नव्हती. मिथुनचा चुलता जगन बॅनरच छापायचा. तो म्हणाला, निकाल काय, येईलच, चौकट परत मिळायची नाय. तेव्हा 'गव्हाणची कन्या निघाली इंग्लंडला' असा भला मोठा बॅनर चढला. मधे पांढऱ्या कपड्यातली रोशनी, मागं विमान, खाली सगळ्या चुलत्यांचे फोटो आणि कोपऱ्यातल्या गोलात कर्णिक. आशालताबाईंनी त्यांच्या साठीशांतीचा फोटो देऊन ठेवला होता, म्हणून अंगावर शाल, कपाळाला गंध. खाली लिहिलं होतं 'मार्गदर्शक : इंग्रजीचे महागुरू प्रा. दिनानाथ सर'.

कर्णिक कधी प्राध्यापक नव्हते. त्यांच्या नावातला दी दीर्घ होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याबद्दल इतकं निःशंक विधान केलं होतं आणि ते खोडायला आठ फूट शिडी लागली असती.

बॅनर बघून बायका ओटी भरायला आल्या. त्यांनी तारीख विचारली. मिथुननं भरात येऊन तारीख सांगितली. बँड ठरला. निरोपाच्या आदल्या दिवशी निकाल आला. बोलण्यात रोशनी थोडक्या गुणांनी नापास.

संध्याकाळी ती, भामा आणि मिथुन कर्णिकांच्या दिवाणखान्यात बसले. काय झालं, असं कर्णिकांनी विचारलं तेव्हा रोशनी खाली बघून म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं, तुमचा चुकलेला एखादा निर्णय सांगा. मी सुरुवात केली आणि मला तुम्ही आठवलात, सर. वुड आधी की हॅव आधी, ते बघायला मी थांबले. मग थांबलेच."

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. माल कुठं अडला असावा, ते या वेळी अगदी स्पष्ट होतं, आणि नाव घेण्यावाचून सुटका नव्हती.

परीक्षा पुन्हा देता येणार होती. प्रश्न तेवढ्यापुरता नव्हता. रोशनीनं इस्पितळातल्या नोकरीचा राजीनामा दिलेला. गावात घरोघरी पेढे वाटून झालेले. भामाच्या सासूनं, सोनाबाईनं, नातीला आशीर्वाद देऊन दाराशी नारळ फोडलेला. आता पोरगी नापास म्हणून सांगितलं तर ती पुन्हा परीक्षेला बसायचं नाव काढणार नाही आणि सोनाबाई पुढच्या महिन्यात तिला कुणाच्या तरी घरात देऊन मोकळी होईल, हे भामाला पक्कं ठाऊक होतं.

"बॅनरवर विमान हाय, वैनी," ती म्हणाली. "आता पोरीला निघाल्याबिगर गत्यंतर नाय. निघंल ती. फकस्त जायाची कुठं, तेवढा सांगा."

आशालताबाईंनी सांगितलं. कर्णिकांच्या मताला बराच वेळ लागला असता.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक निघाली. गाड्या समुद्रावरच्या नव्या पुलापर्यंत आल्या आणि टोल कुणी भरायचा हा विषय निघण्याआधीच सगळ्यांना रडू आलं, म्हणून सगळे अलीकडेच थांबले. मिथुनची गाडी तेवढी पुढं गेली. ती समुद्र ओलांडून शिवडीला उतरली, तिथून वाशीच्या रस्त्यानं वळसा घालून परत आली आणि अंधार पडायच्या आत रोशनी दोन मोठ्या बॅगा, गळ्यात झेंडूचा हार अशी नवीन पनवेलमध्ये इंग्लंडला पोचली.

तिथं तिला कर्णिकांच्या पुस्तकांची खोली मिळाली. दिवसा बाहेर पडायची सोय नव्हती, कारण पनवेलच्या बाजारात गव्हाणचं माणूस भेटणार नाही असा दिवस नसतो. भामा नेहमीसारखी टोपली घेऊन यायची आणि जिन्यात शेजारणींना ऐकू जाईल असं सांगायची, पोरगी विलायतेला, सुखात हाय. जाळीच्या दारामागं पोरगी पोळ्या लाटत असायची.

खरी अडचण फोनची होती. सोनाबाईला रोज नातीशी बोलायचं असे. मिथुन स्पीकर लावून फोन तिच्यासमोर धरायचा आणि शेजारपाजार गोळा व्हायचा. पहिल्या दिवशी रोशनी गडबडली. तिकडं या वेळी काय वाजलं असेल, ती काय करत असेल, काय करून आली असेल? तिनं फोनवर हात ठेवून कर्णिकांकडे बघितलं आणि कर्णिकांच्या लक्षात आलं की हा तर आपल्या पुस्तकाचा नववा धडा आहे.

मग रोज फोनआधी तालीम होऊ लागली. आशालताबाईंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ विलायतेच्या वेळेला लावलं. कर्णिक मराठीत विचारत, रोशनी इंग्रजीत उत्तर देई. आत्ता काय करत असाल? आय वुड बी कमिंग बॅक फ्रॉम ड्यूटी. बसला उशीर का झाला असेल? इट मस्ट हॅव बीन स्नोइंग. तपशील कर्णिक पुरवत आणि त्यांचं इंग्लंड कादंबऱ्यांतलं असल्यामुळं शंभरेक वर्षांपूर्वीचं होतं. तिथं सकाळ-संध्याकाळ दाट धुकं पडे. दारोदार दुधाच्या बाटल्या ठेवलेल्या असत. दिवाणखान्यात कोळशाची शेगडी धगधगत असे आणि उंच टोपीचा पोलीस वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत सोडायला येई. रोशनीला शंका यायची. ती म्हणायची, सर, आता गॅस असेल तिथं. कर्णिक म्हणायचे, असूही शकेल. पण सोनाबाईला शेगडी फार आवडली होती, त्यामुळं ती तशीच राहिली.

"कुनाकडं ऱ्हातंस गो?" सोनाबाईनं एकदा विचारलं.

रोशनीनं इकडं तिकडं बघितलं. समोर आशालताबाई भाजी निवडत होत्या. "एक म्हातारी हाय, आये. मालकीण. लई कडक. बत्ती जलती ऱ्हायली की बोलते. पन पानात डबल वाढते."

आशालताबाईंना म्हातारी हा शब्द लागला, पण दुसऱ्या दिवसापासून त्या फोनच्या वेळी केस नीट करून बसू लागल्या. सोनाबाईला ती मालकीण इतकी पटली की नातीच्या आधी ती तिचीच चौकशी करी. तिचे गुडघे कसे हायत? तिला पोरं किती? इमारतीखालून कधी भंगारवाल्याची आरोळी यायची आणि फोनमधून गव्हाणपर्यंत पोचायची.

"तिथं पन भंगारवाला हाय?"

"हाय ना. गोरा हाय," रोशनी म्हणायची आणि पुढं बोलत राहायची.

कारण थांबायची सोयच नव्हती. ती क्षणभर गप्प झाली की सोनाबाई लगेच विचारायची, गप का झालीस, रडतंस काय? आणि सगळा शेजार हळहळायचा. त्यामुळं सुचेल ते, जुळेल तसं, पण बोलत सुटायची सवय तिला लागली. तीच सवय तालमीतल्या इंग्रजीत उतरली. कर्णिकांचं बोट वर व्हायच्या आत तिचं वाक्य संपलेलं असे. ते बोट मग त्यांनी नाइलाजानं कानामागं खाजवायला वापरलं.

एक दिवस तिनं विचारलं, "सर, तुम्ही इंग्रजीत कधीच का बोलत नाही?"

"माझं ते वाचण्यापुरतं आहे," कर्णिक म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या परीक्षेला थोडेच दिवस उरले असताना जगन आला. न कळवता, पेढ्यांचा पुडा घेऊन, थेट दारात. रोशनी मोबाइलसकट न्हाणीघरात शिरली आणि कडी लावली. जगनला सरांचा मोठा बॅनर करायचा होता, फक्त त्यांचा एकट्याचा. तीन गावांतली पोरं येतील, तो म्हणाला, पण फोटो नवा पाहिजे, शालीतला साठीचा वाटतो. कर्णिक म्हणत राहिले की मी तसा काही, म्हणजे मला तसं म्हणता येणार नाही. जगनला तो विनय वाटला.

चहा झाल्यावर तो खुशीत आला. "सर, तुमी आनि रोशनी इंग्लिशमंदी कसं बोलता ते ऐकायचा हाय एकदा. लावतो तिला."

त्यानं लावलाही. आशालताबाईंनी न्हाणीघराच्या दिशेला तोंड करून जोरात खोकायला सुरुवात केली. फोन दोनदा वाजला, की न्हाणीघरात दोनदा थरथरला, तेवढ्यात उचलला गेला. जगननं स्पीकर लावून तो कर्णिकांच्या तोंडासमोर धरला.

कर्णिकांनी पुस्तकांच्या कपाटाकडे बघितलं. तिथून कुणी उठून आलं नाही. न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीत त्यांना रोशनीच्या पायाची सावली दिसत होती. आपण थांबलो तर या मुलीचं संपलं, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यात 'असावं'ला जागाच उरली नाही.

"हॅलो, रोशनी," ते म्हणाले. "यू मस्ट हॅव बीन स्लीपिंग."

"नो सर. आय वॉज वॉशिंग क्लोद्स."

दोन्हीकडून ऐकू आलं, फोनमधून आणि दारातून. कर्णिकांनी आवाज चढवला, म्हणजे दारातला आवाज झाकला जाईल. त्यांनी विचारलं की तिकडे हवा कशी आहे, तिला रजा मिळाली असती तर ती कुठं गेली असती, आईची आठवण येत असेलच. ती उत्तरं देत गेली आणि ते विचारत गेले. आपलं वाक्य कुठं सुरू झालं आणि कुठं संपणार आहे, हे न बघता बोलण्यात एक उतारावरचा वेग असतो, तो त्यांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा समजला. त्या वेगात ते एकदम बोलून गेले, "आय शुड हॅव वेन्ट टू इंग्लंड मायसेल्फ. लाँग बॅक. आय वॉज अफ्रेड."

शुड हॅव वेन्ट. गॉनच्या जागी वेन्ट! त्यांना ऐकू आलं, पण तोवर ते निघून गेलं होतं. छत कोसळलं नाही. आशालताबाईंचा खोकला तेवढा थांबला.

 मग रोशनीचा आवाज आला, "यू कॅन स्टिल कम, सर."

जगननं फोन बंद केला. "काय क्लिअर आवाज येतो बघा," तो म्हणाला. "बाजूलाच हाय असा वाटतंय." आणि एक पेढा तोंडात टाकून, नव्या बॅनरवर 'महागुरू' मोठ्या अक्षरात घेऊ असं वचन देऊन तो गेला.

परीक्षेहून रोशनी चेहरा ओढणीत गुंडाळून परत आली तेव्हा कर्णिक दारातच उभे होते. कशी गेली, हे विचारण्यासाठी त्यांनी सकाळपासून तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही निघालं नाही. तीच म्हणाली, "एका जागी चुकले, सर. शुड हॅव वेन्ट म्हणाले."

"मग?"

"मग पुढं गेले."

ती पास झाली. कागदपत्रं, नोकरी, व्हिसा, सगळं यथावकाश झालं आणि खरोखर निघायचा दिवस आला तेव्हा तिला निरोप द्यायला कुणी नव्हतं, कारण ती केव्हाच गेलेली होती. ओटी आशालताबाईंनी भरली. भामा टोपली जिन्यात ठेवून आली आणि पहिल्या वेळी बँडमुळं अर्धवट राहिलेलं रडणं तिनं तेव्हा सावकाश रडून घेतलं. मिथुननं गाडी पुन्हा त्याच पुलावरून घेतली, या वेळी मागच्या सीटवर कर्णिकही होते. फाट्याजवळून जाताना सगळ्यांनी सवयीनं मान वर केली. चौकटीत कुणाचा तरी वाढदिवस होता.

यानंतरची गोष्ट कर्णिकांना भामाकडून कळली. खऱ्या इंग्लंडहून रोशनीचा पहिला फोन आला, तेव्हा सोनाबाई नेहमीप्रमाणे शेजार गोळा करून बसली होती. रोशनीनं सांगितलं की धुकं नाही, ऊन आहे. शेगडी नाही, हीटर आहे. दूध दुकानातून आणावं लागतं, पोलीस अजून दिसला नाही. ती केरळच्या दोन मुलींबरोबर राहते आणि संध्याकाळी सगळ्या मिळून भात-मासे करतात. सोनाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं.

"आनि म्हातारी कुठं गेली?"

खोली बदलली, आये, असं रोशनी म्हणाली. सोनाबाईला ते मुळीच आवडलं नाही. फोन ठेवल्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी खोटा सांगतंय काय तरी. पयलीच विलायत बरी व्हती."

एवढं सांगून भामानं टोपलीतून कागदात बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि आशालताबाईंच्या पुढ्यात ठेवलं. करंजा बंदरातले सुके बोंबील होते. जिनं पोरीला एवढे दिवस पोटच्या पोरीसारखी सांभाळली, तिला रिकाम्या हातानं सोडायची नाय, म्हणून सोनाबाईनं विलायतेच्या म्हातारीसाठी ते पाठवले होते. भामानं पोस्टात टाकावेत अशी तिची आज्ञा होती.

"घ्या वैनी," भामा म्हणाली. "पोस्टाचा खर्च वाचला."

त्या रात्री कर्णिकांकडे बोंबील भाजले गेले. मग आभाराचं पत्र लिहायचं ठरलं, मालकीणबाईंच्या वतीनं, इंग्रजीत. मिथुन ते सोनाबाईला वाचून दाखवणार होता. कर्णिक टेबलाशी बसले. 'मी याआधीच लिहायला हवं होतं,' अशी सुरुवात केली, खोडली. 'आपण हे पाठवताना किती कष्ट घेतले असावेत,' अशी केली, तीही खोडली. तासाभरानं आशालताबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बोंबील चांगले होते. तेवढंच लिहा की."

कर्णिकांनी तेवढंच लिहिलं. द फिश वॉज गुड. साधा भूतकाळ, ना शुड ना मस्ट. खाली मालकीणबाईंची सही म्हणून आशालताबाईंनी एक वळणदार रेघ ओढली. कर्णिकांनी पाकीट बंद केलं. मग त्यांच्या मनात आलं की विलायतेतल्या त्या मालकीणबाईंनी तिथं खरंच बोंबील भाजले असते, तर शेजाऱ्यांनी काय म्हटलं असतं. उंच टोपीचा पोलीस नक्की आला असता. आणि त्यालाही बाईंनी दोन वाढले असते.